बर्फ म्हातारा होताना

सोमवार, सकाळी सात
आत: उणे दोन. बाहेर: चौतीस.
शेरा: गेट बंद. पाहुणे नाहीत. बर्फ नेहमीसारखा.

नेहमीसारखा म्हणजे कोरडा, बारीक, बुटाखाली करकरणारा. दत्ताराम पालव अकरा वर्षं हाच बर्फ बनवत होता. दुबईत सिलिकॉन ओएसिसच्या पुढे, वाळूत उभ्या असलेल्या एका प्रचंड पत्र्याच्या शेडमध्ये बावीस मीटर उंचीचा डोंगर होता. डोंगर खोटा, चढ मात्र खरा. त्यावरून एक वाट वर जायची आणि दुसऱ्या अंगाने खाली यायची. कडेला प्लास्टिकचे देवदार, फायबरचे खडक. दत्ताराम आणि त्याची माणसं तोफांतून पाण्याचे थेंब उडवायची आणि वाटेवर रोज नवा थर चढायचा. या डोंगरावर बर्फ एका दिवसापेक्षा मोठा कधी झालाच नव्हता.

आता फरशीखालच्या थंड पाइपांत गळती सापडली होती. दुरुस्तीसाठी सगळा बर्फ काढायचा होता. एकदम तापवलं तर फरशी तडकली असती, म्हणून रोज एक डिग्री वर. हळूहळू.

दत्तारामने शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहिली: म्हातारा होताना बर्फ कसा दिसतो? बघणे.

त्याखाली इंजिनिअर रामेश्वर सरांची लाल शाई: रकाना शेऱ्यासाठी आहे. प्रश्नासाठी नाही.


सोमवार, दुपार. एका फोनवर.

गॅविन: हाय ऑल. जॉर्जिया स्नोशू हाइक, एप्रिलचा शेवटचा आठवडा. सीझन संपत आलेला असेल. बर्फ सकाळी कडक, दुपारी लापशी. चौदा किलोमीटर डोंगरातली वाट. मला प्रत्येकाचा व्हिडिओ हवा. स्नोशू घालून, चढावर, चाळीस मिनिटं. एक सलग, कट नाही. नो फॉल्स. शुक्रवार दुपारी दोनपर्यंत. ज्याचा येणार नाही त्याची सीट वेटिंगवाल्याला. खलास.

गॅविन: रोझ आंटी, हे फक्त तुम्हाला. तुमच्या गुडघ्याचं माहीत आहे म्हणून सांगतो. व्हिडिओशिवाय नाही जमणार हां. सॉरी.

रोझ: ओके बेटा.

रोझ: लापशीसारखा बर्फ दुबईत कुठे मिळतो?

गॅविनने उत्तरात हसून डोळ्यांतून पाणी आलेला चेहरा पाठवला. गॅविन डिमेलो बँकेत होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना हत्ता नि जबल जैसच्या डोंगरवाटांवर घेऊन जायचा. रोझ तुस्कानो त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठी, एकोणसाठ वर्षांची.

लापशीसारखा बर्फ कुठे मिळेल हे तिला तीन तासांनी कळलं. तिच्याच ऑफिसच्या काचेपलीकडे.


मंगळवार
आत: उणे एक.
शेरा: फरक नाही.

रोझ या शेडच्या ऑफिसात सतरा वर्षं होती. आयडी कार्डं, रजा, व्हिसाचे कागद, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. काचेपलीकडे डोंगर होता. ती कधी आत गेली नव्हती.

"दत्ताराम, तुझा बर्फ मऊ कधी होणार?"

"मॅडम, तुम्ही आत येताय? सतरा वर्षांत काचेला नाक लावलं नाहीत."

"नाक लावून बसले असते तर तुझे रजेचे फॉर्म कोणी भरले असते? अजून गावी पोचला नसतास."

"तेही खरं. शुक्रवारी होईल मऊ. शुक्रवारी अधिक दोन असेल. शनिवारी याल तर होडी आणा."

तिने त्याला फोनवरचा गॅविनचा मेसेज वाचायला दिला. दत्तारामने तो दोनदा वाचला.

"एवढं कशाला मॅडम? इथे आत फिरा, फोटो काढा. घरी सांगा जॉर्जिया म्हणून. कोणाला कळतंय?"

"मे महिन्याच्या शेवटी माझा व्हिसा कॅन्सल. रिटायर. ही रेसिडेन्सी आहे तोवर जॉर्जियात नुसता शिक्का मारून आत सोडतात. वसईला गेल्यावर कोण मला कागद गोळा करून पाठवणार आहे? भाऊ म्हणेल, गुडघा सांभाळ आणि गप घरी बस." तिने काचेकडे बोट केलं. "आणि तिथे सगळे विचारणार, रोझ, बर्फाच्या कंपनीत होतीस, बर्फ कसा असतो गं? काय सांगू? काचेसारखा?"

"इथला बघा की मग."

"हा तुझा आहे. मला कोणी न बनवलेला बघायचाय."

दत्तारामला ते थोडं लागलं. पण लागलेली गोष्ट तो लगेच उचलून उलटी करून बघायचा. "कोणी न बनवलेला," तो म्हणाला, "वेगळा असेल का हो? पाणी तर तेच."

रोझने टेबलाखालून पिशवी काढली. आत नारिंगी प्लास्टिकच्या, हातभर लांब, खाली दाते असलेल्या दोन जोड्या. गॅविनने दिलेल्या.

"ही सुपं कशाला?"

"स्नोशू. बुटाला बांधायचे. वजन पसरतं, पाय आत जात नाही."

दत्तारामने एक उचलून हवेत झटकला. "सूपच आहे. दाते काढले तर तांदूळ पाखडता येतील."


बुधवार
आत: शून्य.
शेरा: दिसायला फरक नाही. हातात घेतला तर लाडू वळतो. काल वळत नव्हता.
लाल शाई: लाडू खाऊ नयेत.

रोझ पहिल्यांदा काचेच्या आत आली. दोन स्वेटर, वर कंपनीचं निळं जॅकेट, गुडघ्याला पट्टा. दत्तारामने स्नोशूचे पट्टे आवळले. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना पहिल्या सुपावर दुसरं सूप ठेवलं आणि बाजूच्या देवदाराला मिठी मारली.

"पाय फाकवून मॅडम. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या असतात तेव्हा चालतो तसं."

"मी कधी बादल्या उचलल्यात? आमच्याकडे विहिरीला पंप होता."

"मग पंप उचललाय असं समजा."

तिसऱ्या फेरीत जमलं. टाच उचलायची, सुपाचं शेपूट बर्फावरून घासत येऊ द्यायचं. उलटं चालायचं नाही, शेपूट रुतून माणूस आडवा होतो. हेही तिला एकदा आडवं होऊनच कळलं. पाचव्या फेरीला गुडघा बोलायला लागला.

"चाळीस मिनिटांत किती फेऱ्या?"

"या चालीने नऊ."

"नऊ," रोझ म्हणाली आणि फायबरच्या खडकावर बसली. खडक पोकळ होता, तिच्याखाली ढोलासारखा वाजला. दोघंही हसली.


गुरुवार
आत: अधिक एक.
शेरा: १) सकाळी वर कवच. टकटक वाजतं. शेडचे दिवे बंद असताना वरचा थर पुन्हा गोठतो.
२) अकरा वाजता त्याच जागी बूट आत गेला. म्हणजे एका दिवसात दोन बर्फ.
३) रंग पांढरा राहिला नाही. करडा. दाणे मोठे, मिठाच्या खड्यांएवढे.
४) तिसऱ्या खडकाजवळ बर्फाखालून आवाज. पाणी वाहतंय. दिसत नाही.
५) वरचं तसंच आणि खालचं गेलेलं, असं किती वेळ राहू शकतं?

दत्ताराम वाटेवर पालथा पडून कान लावून ऐकत होता, तेव्हा रामेश्वर सर मागे येऊन उभे राहिले. संध्याकाळी लाल शाईत एकच ओळ होती: चौथा मुद्दा बरोबर. मीही ऐकले.


शुक्रवार
आत: अधिक दोन. बाहेर: एकोणचाळीस.
शेरा: (कोरा)

व्हिडिओ. लांबी त्रेचाळीस मिनिटं बारा सेकंद. फोन रोझचा, हात दत्तारामचा.

०:००
रोझ: चालू झालं?
दत्ताराम: लाल दिवा लागलाय. बोला काहीतरी.
रोझ: मी रोझ तुस्कानो. शुक्रवार, बारा वाजून बत्तीस मिनिटं. गॅविन, बेटा, हा तुझा मऊ बर्फ.

१:२०
रोझ: तू स्नोशू घातले नाहीस? दुसरी जोडी तुझ्यासाठी आणली होती.
दत्ताराम: चिखलात चप्पल घालून कोण उतरतं मॅडम? भाताच्या लावणीला आम्ही अनवाणी उतरतो.
रोझ: हा चिखल नाही.
दत्ताराम: मऊ झाला की सगळा चिखलच.

४:०५
चित्र एकदम खाली जातं. बर्फ, गमबूट, पुन्हा बर्फ.
दत्ताराम: आयला.
रोझ: किती गेलास?
दत्ताराम: गुडघाभर.
रोझ: मी तर वरच आहे.
दत्ताराम: दिसतंय. चिखलात बुडाशी तळ लागतो हो. याला तळच नाही. असं कसं?

९:४०
पाठमोरी रोझ. नारिंगी सुपं. फट्, सर्र. फट्, सर्र. मागून माणसाचा श्वास.
रोझ: थांबू का?
दत्ताराम: नको! तुम्ही थांबलात तर व्हिडिओ थांबला म्हणतील. मी येतो.
रोझ: आता तरी घाल.
दत्ताराम: घालायला दोन हात लागतात. एका हातात तुम्ही आहात.

१८:३०
पाचवी फेरी. रोझ चढावर हातातल्या चालायच्या काठ्या टेकून दोन श्वास घेते. कॅमेऱ्याकडे बघत नाही.
रोझ: पहिल्या फेरीत इथे टणक लागलं होतं. आता लापशी. अर्ध्या तासात?
दत्ताराम: वीस मिनिटांतच. तुमच्या पायांनी दाबून दाबून पाणी वर आलं असेल.
रोझ: म्हणजे माझ्यामुळे?
दत्ताराम: किंवा वरच्या दिव्यांमुळे. उद्या बघितलं असतं, पण उद्या उरणार नाही.

३१:०८
सातवी फेरी. तिसऱ्या खडकाला वळसा. फट्. सर्र. फट्.
आवाज नाही.
चित्रात शेडचं छत, मग निळं जॅकेट, मग बर्फाच्या पातळीवर रोझचा चेहरा. डावा पाय मांडीपर्यंत आत. उजवा वर दुमडलेला.

३१:१५
दत्ताराम: मॅडम! लागलं?
रोझ: नाही. ओलं झालं.
दत्ताराम: थांबा, ओढतो.
रोझ: हात लावू नकोस.
दत्ताराम: अहो, पडलात. नो फॉल्स लिहिलंय त्याने. बंद करतो. एक वाजून तीन झालेत. पाच मिनिटं बसा, पहिल्यापासून करू. दोनच्या आत होतंय.
रोझ: हा गुडघा पहिल्यापासून होणार आहे का?
दत्ताराम: मग?
रोझ: मग चालू ठेव.

३१:५०
रोझ पाय वर ओढते. येत नाही. पुन्हा ओढते. चेहरा लाल.
रोझ: पुढचं टोक अडकलंय. कशाखाली तरी.
दत्ताराम: वर ओढू नका. ओढलं की आणखी धरतो. भाताच्या खाचरात पाय धरला की कोणी ओढत नाही. टाच हलवा. डावीकडे, उजवीकडे. आतल्या आत जागा करा.
रोझ: गुडघा फिरत नाही तेवढा.
दत्ताराम: गुडघा नाही, टाच. आणि हाताने टोकावरचा बर्फ काढा. हां. आता आडव्या व्हा.
रोझ: काय?
दत्ताराम: काठ्या पुढे आडव्या टाका, त्यांच्यावर छाती टाका. उभं राहायचं मनातून काढून टाका. पोटावर.
रोझ: या वयात पोटावर. आणि तू शूट करतोयस.
दत्ताराम: बंद करू?
रोझ: अजिबात नाही.

३४:२०
जवळजवळ तीन मिनिटं चित्रात फक्त निळी पाठ आहे. ती हळूहळू पुढे सरकते. मध्येच एक नारिंगी टोक बर्फातून वर येतं, मग सगळं सूप. रोझ गुडघ्यांवर येते, काठी रोवते, उभी राहते. जॅकेटवरून पाणी गळतंय.
रोझ: चल. यल्ला.

४०:००
दत्ताराम: झाले चाळीस!
रोझ: त्यात तीन मिनिटं मी झोपले होते.
दत्ताराम: ती कोण मोजतंय?
रोझ: मी. आणखी तीन चालते.

४३:१२
(समाप्त)


व्हिडिओ गेला तेव्हा एक वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. जायला अकरा मिनिटं लागली, एवढा जड.

ऑफिसात रोझ टॉवेल गुंडाळून बसली. दत्तारामच्या गमबुटांतून पाणी ओतलं तर अर्धी बादली भरली असती. त्याने चहा आणला, तिने घेतला, प्यायली नाही.

"तेवढा भाग कापला असता," तो म्हणाला. "माझा पुतण्या दोन मिनिटांत कापून देतो. कळलंही नसतं."

"तुला कळलं असतं."

"मला काय, मी कोणाला सांगणार आहे?"

"दत्ताराम, वसईला जाऊन मी म्हणणार, बर्फावर गेले होते. त्यातलं पहिलंच खोटं असलं तर पुढचं कोणत्या तोंडाने सांगू?"

दोन वाजले. फोन वाजला नाही. दोन वाजून चार. रोझने फोन उलटा ठेवला, मग सुलटा. दत्ताराम काचेतून डोंगराकडे बघत राहिला. मधूनमधून देवदारावरचा एखादा गोळा खाली पडत होता. दोघांपैकी कोणीही वेटिंगवाल्याचं नाव काढलं नाही.

दोन वाजून अकरा.

"आंटी." गॅविनचा आवाज, स्पीकरवर. "तुम्ही पडलात."

"हो."

"नो फॉल्स लिहिलं होतं मी."

"कट नाही असंही लिहिलं होतंस. दोन्ही जमलं नाही. एक जमलं."



"ती तीन मिनिटं तुम्ही काय करत होतात? मी चार वेळा बघितलं. तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. तो कॅमेरामन कोण आहे? फारच वाईट शूट करतो."

"गुडघाभर बर्फात उभा राहून कर म्हणावं," दत्ताराम कुजबुजला.

"दत्ताराम आहे तो. त्यानेच सांगितलं कसं निघायचं."

"आणि तो कुठे शिकला?"

"भातात," दत्ताराम मोठ्याने म्हणाला.

गॅविन हसला नाही. "आंटी, ऐका. बाकी तिघांचे व्हिडिओ कालच आले. टेसाकडे मागच्या महिन्यात तुमच्याच शेडमध्ये केलेला तयारच होता, तेव्हा बर्फ दगडासारखा होता. विघ्नेशने अल कुद्राच्या वाळूत. संपदाने पण तिथेच. कोणी पडलं नाही. सगळे एकदम सुपर. मी खूश होतो." तो थांबला. "गेल्या वर्षी तिथे आमचा एकजण असाच मांडीपर्यंत गेला. दुपारची वेळ होती, खालून ओढा वाहत होता. चौघं मिळून पन्नास मिनिटं त्याला वर ओढत होतो. वर. सारखे वर. त्याचाही व्हिडिओ सुपर होता. म्हणून मी या वर्षी नो फॉल्स लिहिलं. आता वाटतंय, उलटं लिहिलं."

रोझने फोन हातात घेतला.

"तुमच्याबद्दल मला माहीत आहे, पाय आत गेल्यावर तुम्ही काय करता. बाकीच्यांचं काहीच माहीत नाही. तुमची सीट पक्की, आंटी. पण तुम्ही मध्ये चालायचं, माझ्या मागे. आणि गुडघ्याला चांगला पट्टा."

रोझने डोळे पुसले. टॉवेल आधीच ओला होता, त्यामुळे फार उपयोग झाला नाही.

"थँक्यू बेटा."

"थँक्यू नंतर. तिथे बर्फ किती वेळ आहे अजून?"

दत्तारामने काचेतून बघितलं. "चारपर्यंत धरेल. पुढचं सांगता येत नाही."

"मी तिघांना पाठवतो. मला त्यांचे पडतानाचे व्हिडिओ हवेत."


शेड बंद होती, बाहेरच्या माणसांना आत घ्यायची परवानगी नव्हती. रोझने तीन फॉर्म भरले आणि रामेश्वर सरांपुढे ठेवले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वितळत्या बर्फाचा माणसाखाली अभ्यास.

सरांनी ते वाचलं. "हे कोणाचं वाक्य?"

"माझं," रोझ म्हणाली.

"मला वाटलं दत्तारामचं." त्यांनी सही केली. मग पेन खिशात ठेवता ठेवता विचारलं, "तिसऱ्या खडकापाशी पोकळी किती खोल असेल, अंदाज आला का तुम्हाला? मला वाटलं होतं हातभर."

"माझ्या मांडीपर्यंत. आणि तळ लागला नाही."

"लागला नाही?" सर उठले. "मग मीही येतो."


तीन वाजता तिघं आली, बाहेरच्या उन्हातून थेट अधिक दोनमध्ये. तोंडांतून वाफ, अंगात उसनी जॅकेटं. टेसा चोवीस वर्षांची, शारजात वाढलेली, सगळ्यांत पुढे. नखं नारिंगी सुपांना जुळणारी.

"सीरियसली, आंटी? जस्ट पडायचं? दॅट्स द होल टास्क?"

"पडायचं नाही. चालायचं. पडणं आपोआप होईल."

"बट व्हेअर एक्झॅक्टली?"

"ते माहीत असतं तर तू तिथे पाय ठेवला असतास का?"

विघ्नेश आणि संपदा मागे थांबून एकमेकांना ढकलत होती. दत्ताराम यावेळी सुपं बांधून आला होता, आणि ती बांधल्यावर चालता येतं याचं त्याला एवढं आश्चर्य वाटलं होतं की तो उगाचच पुढे-मागे करत होता. पुढे जमत होतं.

बर्फ आता सकाळचा राहिला नव्हता. मधोमध काळपट पट्टा दिसत होता, कडेने पाण्याची बारीक धार. टेसा झपाझप निघाली. कंबर सरळ, काठ्या हवेत, व्हिडिओत होती तशी. वळणावर तिने मागे बघून हात हलवला, पुढचं पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत नाहीशी झाली.

ती किंचाळली. विघ्नेश धावायला निघाला, रामेश्वर सरांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. दत्तारामने तोंड उघडलं, पण रोझ आधीच पुढे गेली होती. हातभर अंतरावर थांबून तिने काठ्या बाजूला टाकल्या आणि बर्फावर पोटावर आडवी झाली. तिचा चेहरा टेसाच्या चेहऱ्यासमोर आला.

"आंटी, आय कान्ट फील द बॉटम! व्हॉट डू आय डू?"

"सांगते. सगळं सांगते. घाबरू नकोस, मी सकाळपासून दोनदा ओली झालेय." रोझने खड्ड्याच्या कडेवरून आत वाकून बघितलं. आत निळसर अंधार होता. "पण आधी मला सांग, आत काय लागतंय तुझ्या पायाला? वाहतंय का? गार आहे की नाही? मला बघायला वेळच मिळाला नाही."